पप्पांच्या गाडीचं तापणं

गाडी गॅरेजमधून परत आली तेव्हा तिच्या रंगात बघून केस विंचरता येत होते, आणि ती सात किलोमीटरच्या पुढे जात नव्हती. या दोन गोष्टी मी वहीत एकाखाली एक लिहिल्या. तिसरी अशी, की महिनाअखेरीला तिची नोंदणी संपत होती.

गाडी माझ्या वडिलांची. गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली, वयाने माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पाच वर्षांपूर्वी नोंदणी वाढवण्यासाठी आरटीओची शेवटची तपासणी झाली तेव्हा वडिलांनी ती स्वतः चालवत नेली होती. वर्षभरात त्यांचे डोळे बिनसले, चालवणं थांबलं, आणि गाडी वटार गावातल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मी ती बाहेर काढून पुन्हा उभी करायचं ठरवलं, गॅरेजला दिली आणि आठ महिने पाठपुरावा केला. पाठपुरावा मला जमतो. माझी नोकरीच ती आहे.

शेडवर मात्र माझ्या भावाचा डोळा होता, आणि त्याचंही बरोबर होतं. तो पप्पांबरोबर वटारला राहतो, सोनचाफा लावतो, आणि शेड गाडीची असल्यामुळे बाजाराची फुलं घराच्या व्हरांड्यात बसून टोपल्यांत भरतो. पहाटे चारला टोपल्यांमधून वाट काढत संडासला जावं लागतं, अशी वहिनीची तक्रार. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "ताई, गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणीला गेली आणि पास झाली, तर शेड तिची. नाही झाली तर भंगारवाल्याला मी बोलावतो. मग तू रडायचं नाही."

मी हो म्हटलं. पप्पा समोरच बसले होते. ते माशाचे काटे काढत राहिले. माणूस चौऱ्याऐंशी वर्षांचा, गाडी त्याची, शेड त्याने बांधलेली, आणि आम्ही दोघांनी त्याला काही विचारलं नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या तपासणीला मी रजा टाकून निघाले. आगाशी ओलांडली तोवर तापमानाचा काटा लाल पट्टीत होता, आणि विरारच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली. एक स्कूटरवाला थांबला, वाफेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, घरच्या कोणाला तरी बोलवा." मी त्याला सांगितलं की माझ्या नवऱ्याला गाडीतला फक्त हॉर्न कळतो. तासाभराने गाडी थंड झाली तेव्हा तपासणीची वेळ टळली होती. पुढची तारीख मिळाली ती नोंदणी संपायच्या दोन दिवस आधीची. त्यानंतर तारीख नव्हती.

माझ्या हातात तीन रविवार होते. मी यादी केली. रेडिएटर, पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या, थर्मोस्टॅट, वायरिंग. मी राहते त्या माणिकपूरला, आमच्या इमारतीच्या मागे एक मिस्त्री आहे, जुन्या गाड्यांचं इंजिनही बघतो आणि वायरिंगही. त्याला दर रविवारी वटारला आणायचं ठरलं.

पहिल्याच रविवारी त्याने विचारलं, "मॅडम, थर्मोस्टॅट काढून टाकू ना? आपल्याकडे गरमीत कोण लावतं?" ही छोटी झडप पाणी पुरेसं गरम होईपर्यंत अडवून ठेवते आणि मग रेडिएटरकडे सोडते. आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री ती पहिल्या झटक्यात काढतात. आमच्या गॅरेजवाल्यानेही काढलीच होती. मी आणलेली नवी झडप त्याच्या हातात ठेवली आणि लावायला सांगितलं. त्याने लावली, पण दिवसभर मला टीचर म्हणून हाक मारली.

रेडिएटरची जाळी नवी बसली. पंप उघडून बघितला, ठीक होता. पट्टा बदलला. निळं कूलंट आणि बाटलीबंद शुद्ध पाणी मी स्वतः मोजून भरलं. चाचणीला निघालो. निर्मळपर्यंत काटा लाल पट्टीला टेकला.

दुसऱ्या रविवारी वायरिंग. डावा इंडिकेटर लावला की हॉर्न घोगरा व्हायचा. पुढचे दिवे लावले की तापमानाचा काटा थेट वर उडायचा आणि दिवे बंद केले की खाली यायचा. इंजिन काय तेवढ्यात तापून थंड होतं? मिस्त्री दोन तास वायरी उलगडत बसला आणि शेवटी एक बोल्ट काढून माझ्यापुढे धरला. बोल्टच्या खाली रंग होता. वर रंग होता. आतही रंग होता.

"मॅडम, करंट बॅटरीतून निघतो तो बॉडीतून परत येतो. याच्या रस्त्यात तुमच्या पेंटरने भिंत बांधलीय."

अकरा ठिकाणी रंग खरवडायचा होता. आठ महिने मी ज्या रंगासाठी फोन केले होते तो मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढला. संध्याकाळपर्यंत दिवे प्रखर झाले, हॉर्न सरळ वाजला, काटा आपल्या जागी राहिला. मी वहीत वायरिंगसमोर बरोबरची खूण केली आणि गाडी काढली. काटा आता खरं बोलत होता. खरं हे, की आगाशीच्या पुढे गाडी तापत होती.

परत आल्यावर मिस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला की आता इंजिन उघडावं लागेल. आतली गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सीलची पट्टी, गेली असणार. किती दिवस, विचारलं. दोन आठवडे, म्हणाला. माझ्याकडे दहा दिवस होते. भाऊ व्हरांड्यात फुलं भरत होता. त्याने मान वर करून शेडकडे बघितलं आणि पुढची टोपली ओढली.

त्या आठवड्यात मी वही पाच वेळा वाचली. प्रत्येक ओळीपुढे खूण होती. "पाणी – पातळी ठीक" असं मी प्रत्येक रविवारी लिहिलं होतं. वाफ होऊन एवढं पाणी उडतं आणि पातळी मात्र कधी कमी होत नाही, हे मी पाच वेळा वाचलं आणि पाचही वेळा मला ते चांगलंच वाटलं.

तिसऱ्या शनिवारी मी वटारलाच राहिले. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी कपडे वाळत टाकायला मागे गेले, तर शेडचं दार उघडं होतं. बॉनेट वर होतं. पप्पा हातात तांब्या घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते, सावकाश, एक थेंब रंगावर पडू न देता.

"पप्पा, काय करताय?"

"रोजचं," ते म्हणाले. आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते. "रोज जरा चालू करून बघतो, तांब्याभर कमी होतं. मी भरतो."

"केव्हापासून?"

"आल्यापासून. तू सांगितलंस रंगाला हात लावू नका. रंगाला नाही लावला."

त्यांनी झाकण बसवलं आणि अर्धंच फिरवलं. रेडिएटरच्या झाकणाला दोन टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यापर्यंत घट्ट केलं तरच आत दाब राहतो, नाहीतर पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. मी विचारलं, पूर्ण का नाही फिरवलं? तर म्हणाले, उद्या परत उघडायचंच असतं, कशाला त्याला त्रास.

म्हणजे झाकण अर्धं, म्हणून पाणी सांडतं, म्हणून पप्पा भरतात, म्हणून मला पातळी ठीक दिसते. मी तीन आठवडे रजा, रविवार आणि मिस्त्री यांच्यामागे धावत होते आणि माझं महागडं कूलंट केव्हाच सांडून गेलं होतं. मी तांब्यात डोकावले. तळाला बारीक करडा गाळ होता. पाणी बावखलाचं होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी घराच्या मागे खणलेलं तळं. वटारमध्ये पूर्वी घरोघरी होती, आमचं अजून आहे, आणि त्याच्या पाण्याबद्दल पप्पांना फार अभिमान.

मी बोलू नये ते बोलले. मी म्हटलं की तुम्हाला एक काम सांगितलं होतं, काहीही न करण्याचं, तेही तुमच्याने झालं नाही.

"तीस वर्षं हेच पाणी पितेय ती," पप्पा म्हणाले.

"मग तीस वर्षं तापली कशी नाही?"

"तापायची की. मग थांबायचो. तुझी आई थर्मासमधला चहा काढायची."

डहाणूला मामाकडे जाताना आम्ही नेहमी चार ठिकाणी थांबायचो. चिंचेखाली, एका देवळापाशी, पुलाच्या अलीकडे, आणि जिथे ताडगोळे मिळत तिथे. आई चादर अंथरायची, चहा आणि बटर निघायचं. आमचे वडील मुलांसाठी वाटेत थांबतात, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं. मी भावाकडे बघितलं. तो दाराशी येऊन उभा होता. त्यालाही हे नवीन होतं.

मिस्सा झाल्यावर मिस्त्री आला. मी त्याला तांब्या दाखवला. तो गाडीखाली शिरला. इंजिनच्या पोटाला पाणी सोडण्यासाठी एक बोल्ट असतो, तो त्याला सापडेना, कारण त्याच्यावरही रंग होता. खरवडून, ठोकून त्याने तो काढला. पाणी आलं नाही. भरलेल्या इंजिनातून एक थेंब नाही. त्याने सायकलची तार वाकवून भोकात घातली आणि ढवळली. आधी काळपट लापशी आली, मग गुठळ्या, मग एकदम पाण्याचा लोंढा.

"मॅडम, गॅसकेट नाही," तो खालून म्हणाला. "तुमची अख्खी वाडी आहे आत."

पप्पा वाकले, जमिनीवरचा गाळ दोन बोटांत घेऊन चोळला. "बावखलाचा," म्हणाले. "चाफ्याला चांगला."

"मग इकडे आणा," भाऊ म्हणाला, आणि त्याने खरोखर टोपली पुढे केली.

दुपारपर्यंत पाइप लावून आम्ही इंजिन धुतलं. नवं कूलंट भरलं. झाकण मी स्वतः दुसऱ्या टप्प्यापर्यंत फिरवलं आणि पप्पांना ते हाताने तपासायला लावलं. त्यांनी तपासलं, आणि घट्ट आहे हे मला नाही, मिस्त्रीला सांगितलं. संध्याकाळी आम्ही आगाशीवरून विरारपर्यंत जाऊन परत आलो. काटा मध्यावर. मिस्त्री मागच्या सीटवर झोपला.

तपासणीच्या दिवशी पप्पाही आले. रांगेत तासभर इंजिन चालू ठेवून मी काट्यावरून नजर हलवली नाही. दिवे लागले, हॉर्न वाजला, इंडिकेटर वेळेवर लुकलुकले. मग तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा मागितला आणि बॉनेटखाली डोकं घातलं. तिथे गुळगुळीत, चकचकीत, सुंदर रंग होता. नंबर दिसेना.

तो म्हणाला, "नंबर नसेल तर मी काय करू, मॅडम?" मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. मी कागदपत्रांची फाइल उघडली, त्यात गॅरेजची बिलं, विमा, जुने फोटो, सगळं क्रमाने लावलेलं होतं. नंबर कुठे कोरलाय ते कशातच नव्हतं.

पप्पा उतरले. त्यांनी माझ्या हातातून चाव्या घेतल्या, डावीकडच्या पत्र्यावर बोट सरकवत नेलं, एका जागी थांबले आणि त्या तिथे टेकवल्या. "इथे आहे. काढू?"

आठ महिन्यांचा रंग. मी म्हटलं, काढा.

दुरून बघितलं तर तो ओरखडा दिसत नाही, असं सगळे मला सांगतात. मला दिसतो. पण आकडे एकेक करून वर आले, अधिकाऱ्याने कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आणि गाडी पास झाली, आणखी पाच वर्षांसाठी.

भाऊ शब्दाला जागला. फुलांच्या टोपल्या अजून व्हरांड्यात आहेत आणि वहिनी मला जेवायला वाढताना ते सांगायला विसरत नाही. पप्पांना मी पाणी घालायला मनाई केली, तेव्हा त्यांनी विचारलं, मग सकाळी मी काय करू? मी म्हटलं, फक्त उघडून बघा, पाणी कुठवर आहे ते सांगा, आणि झाकण पूर्ण लावा.

तेव्हापासून रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो. त्या वेळी माझा एक हात पोळीवर असतो. पाणी तिथेच आहे, ते सांगतात, झाकण लावलं. मी बरं म्हणते. मग ते विचारतात, लिहिलंस का, आणि लिहिल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.