मशीनने सांगितलेली वेळ

काही तपास फाइल बंद झाल्यावरही डोक्यातून जात नाहीत. आमच्या हद्दीतल्या एका सहकारी साखर कारखान्याचा तपास त्यातलाच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दुष्काळाने विहिरी आटल्या होत्या. एक शेतकरी ठाण्यात येऊन म्हणाला, "साहेब, ऊस उभ्यानं वाळायलाय, अन् आमची तोडीची पाळी एकाएकी मागं गेली. आत कुणीतरी हात घातलाय."

तोडीचा क्रम कारखान्याच्या नव्या युनिक्स कॉम्प्युटरवर ठरे. तो क्रम बदलणारा एक प्रोग्रॅम मशीनमध्ये अजून चालूच होता. आदल्या दिवशी भर दुपारी तो सुरू झाल्याचं मशीन दाखवत होतं, आणि तेव्हा खोलीत ऑपरेटर बाई एकट्याच होत्या. कार्यालय अधीक्षक म्हणाले, "आणखी काय पुरावा पाहिजे, साहेब?"

बाई पंचविशीच्या, घरात नोकरीला लागलेल्या पहिल्याच. महिला शिपायासमोर मी जबाब घेतला.

"दुपारी खोलीत मीच होते," त्या म्हणाल्या. "पण मशीनवर हा प्रोग्रॅम मी लावलेला नाही."

खोटं बोलणारा बहुधा आधी हजेरी नाकारतो. यांनी ती मान्य केली, म्हणून मी थांबलो.

"माझ्यासमोर मशीनवर एखादं काम सुरू करून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी केलं. माझं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ, दोन्हींत दुपार झाली होती. पण चालू कामांच्या यादीत तेच काम सकाळी सुरू झालेलं दिसलं.

बाईंनी पडद्यावरच्या त्या वेळेवर बोट ठेवलं. "काल सकाळी लाइट गेली, ती दुपारी आली. तेवढा वेळ मशीनचं घड्याळ बंद होतं. मशीन सुरू झालं तेव्हा ते सकाळचीच वेळ दाखवत होतं, ती मी बरोबर केली. पण काम कधी सुरू झालं ते मशीन स्वतः कधी चालू झालं त्यावरून मोजतं, अन् ती नोंद सकाळचीच राहिली. म्हणून प्रत्येक काम तेवढे तास आधीचं दिसतंय."

मशीन बसवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरने फोनवर दुजोरा दिला. म्हणजे दुपारचं दिसणारं काम खरं संध्याकाळचं. संध्याकाळी बाई घरी होत्या. पहारेकऱ्याने सांगितलं, त्या संध्याकाळी खोलीची किल्ली अधीक्षकांनी नेली होती.

मी अधीक्षकांना समोर बसवलं, चहा मागवला. "भावकीतला ऊस वाळत होता, म्हणून त्यांची पाळी पुढे घेतली," ते शेवटी म्हणाले. मशीन चालवायला त्यांना बाईंनीच शिकवलं होतं.

पुढे प्रत्येक जबाबात वेळ आली की मी विचारायचो, कुठल्या घड्याळाची? अनेक निरपराध माणसं त्या एका प्रश्नावर सुटली.

तपासाच्या त्या दिवशी बाईंचे वडील कारखान्याबाहेर उभे होते. "पोरीला नेऊ का घरी?" त्यांनी मला विचारलं.

बाईच बोलल्या, "घरी नको, अण्णा. आधी शेतकऱ्यांच्या तोडीची पाळी नीट लावते."