लाँग-ऑनला कोण उभं राहणार

आमच्या गावात क्रिकेटच्या टीमबद्दल ज्याला तोंड आहे तो बोलतो, आणि ज्याने जन्मात बॅट धरलेली नाही तो जरा जास्तच बोलतो. मग मीच का गप्प बसू? लग्न होऊन मी या गावात आले तेव्हाच माझा नवरा टीमचा लाँग-ऑन होता, आणि अजून तोच आहे. मधल्या काळात कॅप्टन बदलले, बॉलर बदलले, मैदानाच्या कडेचं बाभळीचं झाड पडलं. लाँग-ऑनला मात्र आमचे हेच.

टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये येतो तो उंच मारायलाच येतो. त्यामुळे सगळी भिस्त सीमारेषेवरच्या दोन माणसांवर. एक लाँग-ऑनला आमचे हे, दुसरा मिडविकेटला शहाद्याच्या बँकेत नोकरी करणारा एक तरुण. बॉलर आणि बॅट्समन यांच्याबद्दल गावात फार वाद होत नाहीत. वाद होतात ते या दोघांच्या हातांवर. कोणाच्या हातात बॉल राहतो, कोणाच्या हातून निसटतो, कोणावर भरवसा ठेवायचा, यावर आमच्याकडे लोक जेवणं थंड होईपर्यंत भांडतात.

या वादाचा अड्डा म्हणजे स्टँडवरचं कृषी केंद्र. मालक स्वतः खताच्या गोण्यांवर मांडी घालून बसतो आणि गिऱ्हाइकाला औषध देता देता टीम निवडतो. त्याचा जीव बँकवाल्यावर. तो पोरगा सूर मारतो, लोळतो, गुडघे फोडून घेतो, आणि मॅच यूट्यूबवर लाइव्ह असल्यामुळे त्याची प्रत्येक उडी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर असते. चांगला खेळतो, मी नाही म्हणत नाही. पण सरळ अंगावर आलेला बॉल त्याच्या हातून सुटतो, तो कोणी मोबाइलवर फिरवत नाही. मी हे दुकानात जाऊन तोंडावर सांगितलं होतं. पपईवर मारायचं औषध घ्यायला गेले होते, ते घेतलं आणि तासभर भांडून आले.

"वहिनी, तुमले तर बोलानंच शे, तुमना नवरा शे ना," मालक म्हणाला.

"नवरा शे म्हनीसन नही बोलत. डोळा शेत म्हनीसन बोलस," मी म्हटलं.

आता ह्यांच्या झेलण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. आमची पपईची बाग आहे. झाडं उंच झाली की एक जण शिडीवर चढून फळ पिळून तोडतो आणि खाली सोडतो, दुसरा खाली उभा राहून झेलतो. ते झेलणं वेगळं असतं. फळाला हाताने अडवायचं नाही, त्याच्याबरोबर हात खाली न्यायचे, पोटाशी घ्यायचं, आणि त्याच वळणात वाकून खाली अंथरलेल्या उसाच्या पाचटावर अलगद ठेवायचं. जराही दणका बसला की फळाला डाग पडतो आणि व्यापारी बाजूला काढतो. तोडणीला मजूर लावलेले असले तरी आमचे हे खाली स्वतः उभे राहतात, दुसऱ्याच्या हातावर त्यांचं समाधान होत नाही. बॉलही ते तसाच घेतात. पोटाशी, दोन्ही तळवे वर, अंग मागे झुकवून. टेनिस बॉल हलका, कडक हातावर पडला की टुणकन उडतो, ह्यांच्या हातातून उडत नाही. पण दिसायला ते काही देखणं नाही. ट्रॉलीवरची मंडळी ओरडतात, "काका, पिकेल शे का काची?" मी ते हसण्यावारी नेत असे.

त्या वर्षी सेमीफायनलच्या वेळी आमच्या बागेत तोडणी ऐन भरात होती. आठवडाभर ट्रक भरून देत होतो आणि हे सकाळपासून झाडाखाली उभे. मॅचच्या दिवशीही सकाळची तोडणी उरकून, हातावरचा चीक कसाबसा धुऊन ते मैदानात गेले. आमच्याकडे सीमारेषेला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करतात, त्यांत बसून गाव मॅच बघतं. आमची ट्रॉली लाँग-ऑनच्या मागेच असते. आम्ही जे बोलतो ते ह्यांना ऐकू जातं, आणि ह्यांनी मान वळवली तर आम्हालाही कळतं.

समोरच्या टीमच्या मुख्य बॅट्समनने उंच मारला. बॉल सरळ ह्यांच्याकडे आला. ह्यांनी तो पोटाशी घेतला, सुंदर घेतला, आणि त्याच वळणात खाली वाकून गवतावर अलगद ठेवून दिला. ठेवला आणि वर बघायला लागले, जणू शिडीवरून दुसरं फळ येणार आहे.

मग बॅट्समन पळायला लागला. अंपायर म्हणाला, बॉल जमिनीला लागला, हातात पुरता थांबला नव्हता, नॉट आउट. हे तसेच उभे. त्यांना काय झालं तेच कळत नव्हतं. मी ट्रॉलीवरून उतरून पार दोरीपर्यंत गेले आणि अंपायरला म्हणाले की अहो, माणूस ज्या गोष्टीला पडू देत नाही तीच अशी खाली ठेवतो, सुटलेला बॉल कोणी ठेवतं का? अंपायरने मला दोरीच्या मागे जायला सांगितलं. मी गेले, पण बोलतच गेले. मॅच कशीबशी जिंकलो म्हणून बरं, नाहीतर त्या संध्याकाळी आमच्या घरावरून कोणी सरळ गेलं नसतं.

फायनल पुढच्या रविवारी, शहाद्याच्या मैदानावर, तळोद्याच्या टीमशी. तळोदा माझं माहेर, त्यामुळे टोमणे मारायला लोकांना आणखी एक जागा मिळाली. पण खरा वाद एकच, लाँग-ऑनला कोण? कृषी केंद्रवाल्याने तो व्हिडिओ इतक्यांदा दाखवला की खत घ्यायला आलेल्या परगावच्या माणसालाही आमच्या ह्यांचं वाकणं पाठ झालं असेल. गावाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, काकांनी आता पपईच झेलावी. दुसऱ्याने पपईचं चित्र टाकलं. मी मुलीकडून मोबाइलवर लिहून घेतलं की बँकवाल्याने या सीझनला सोडलेल्या कॅचचेही व्हिडिओ टाका, मग बोलू. कोणी टाकले नाहीत. अंगठे मात्र पपईलाच मिळाले, आणि माझं डोकं फिरलं.

कॅप्टन म्हणजे माझ्या जेठांचा मुलगा, माझा पुतण्या. बुधवारी तो घरी आला. चहा घेतला, शेताची चौकशी केली, ट्रकचा भाव विचारला. मी म्हटलं, बाबा, कशासाठी आलास ते बोल. तो म्हणाला, "काका, लोके म्हनतस का फायनलले तुम्ही आराम करा. तुमना जागावर दुसरा कोनी ठेवूत."

"लोके म्हणजे कोण? तो गोण्यांवर बसणारा?" मी विचारलं.

"काकू, तुम्ही जरा..."

"मी जरा काय?"

हे मध्ये पडले. म्हणाले, "ठीक शे. पोऱ्हेस्ले खेळू द्या."

असे हे. शेताच्या बांधावरून भाऊबंद भांडायला आले तरी ठीक आहे, मुलीने शिकायला नाशिक मागितलं तरी ठीक आहे. आपली इतक्या वर्षांची जागा कोणी मागतो आणि हा माणूस चहाचा कप खाली ठेवून ठीक आहे म्हणतो. मी पुतण्याला सांगितलं, "तुझ्या काकाने कॅच घेतला होता. घेतला नसता तर मी स्वतः तुला म्हटलं असतं, काढ. घेतलेल्या कॅचसाठी काढणार असशील तर या घरात पाऊल टाकू नको." पुतण्या मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की काकाच खेळतील.

मी खूश. हे मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी बागेत पाणी सोडताना म्हणाले, "तू भांडस म्हनीसन माले टीममा ठेवतस, असं लोके म्हनतस."

मला ते लागलं. कारण ते खरं होतं. माझं तोंड नसतं तर ह्यांची जागा गेली होती, आणि माझ्या तोंडामुळे राहिली तर ती ह्यांची राहिलीच कुठे? मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हणाले, रविवारी काही बोलू नको. चांगलं झालं तरी नाही आणि वाईट झालं तरी नाही. मी हो म्हटलं. दातावर दात ठेवून म्हटलं, पण म्हटलं.

रविवारी शहाद्यालाही आमची ट्रॉली लाँग-ऑनच्या मागेच, आणि भरलेली. कृषी केंद्रवाला नेमका माझ्यासमोर बसलेला, मोबाइल हातात. तळोद्याची बॅटिंग पहिली. तो म्हणाला, "वहिनी, आज माहेर का सासर?" मी शेंगा सोलत राहिले. त्याने दोनदा विचारलं. मी त्याच्या हातावर चार दाणे ठेवले आणि पुढे बघितलं. माझ्या गप्प राहण्याने तो बिचारा अस्वस्थ झाला, मला म्हणाला, तब्येत बरी आहे ना?

मग तो बॉल आला. त्यांचा सगळ्यांत मोठे फटके मारणारा गडी नुकताच उतरला होता. बॉल उंच गेला, ह्यांच्याकडेच, दोन पावलं मागे जाऊन घेण्यासारखा. हे गेले. तळवे वर केले. आणि या वेळी बॉल खरंच सुटला. बोटांना लागून छातीवर, छातीवरून खाली. अंपायरची चूक नाही, उन्हाची नाही, सवयीची नाही. सुटला.

आमची ट्रॉली पेटून उठली. "हात म्हतारा व्हई ग्यात!" "आम्ही काय सांगी ऱ्हायनूत?" "काढ त्याले, काढ!" मी जीभ चावून बसले होते. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा ह्यांच्यावरच होता. आजच सोडायचा होता का तुम्हाला? आजच?

तिकडे पुतण्याने हात वर करून इशारा केला. काका, आत या, मिडविकेटवाला तिकडे येईल. आत म्हणजे अंपायरच्या जवळ, जिथे बॉल सहसा जात नाही. टीमला नको झालेल्या माणसाला जिथे उभं करतात ती जागा. बँकवाला पळत निघालाही होता. मला वाटलं, आता हे मान हलवणार आणि जाणार. ठीक आहे म्हणणार.

हे हलले नाहीत. पुतण्याने पुन्हा हात केला. ह्यांनी नुसतं हाताने नाही म्हटलं आणि दोरीला पाठ लावून उभे राहिले. पुतण्या अर्ध्या मैदानापर्यंत चालत आला. काय बोलणं झालं ते सगळं ऐकू आलं नाही, पण ह्यांचं शेवटचं वाक्य आमच्या ट्रॉलीपर्यंत आलं. "मी आठेच उभा ऱ्हासू. तू बॉल टाकाले सांग."

पुतण्या परत गेला. बँकवालाही आपल्या जागेवर गेला. ट्रॉलीवर कुजबुज सुरू होती, पण आवाज उतरला होता. पुढे ह्यांच्याकडे दोन बॉल जमिनीवरून आले, ते अडवले. एक कॅच आला, साधा, तो घेतला. सुटलेल्या गड्याने मात्र आम्हाला धू धू धुतलं. आमची बॅटिंग आली, शेवटच्या ओव्हरपर्यंत आशा होती, आणि थोडक्यात हरलो. ज्याला हिशेब करायचा त्याने तो लगेच केला. तो एक कॅच घेतला असता तर कप आपला होता. मलाही तो हिशेब येतो.

परत येताना ट्रॅक्टर हेच चालवत होते आणि मागे ट्रॉलीत गाव बसलं होतं. सूर्य अजून पुरता मावळला नव्हता. माणूस समोर ट्रॅक्टरवर बसलेला असताना मागे त्याच्याच हातांचा पंचनामा चालू होता. कोणी म्हणे डोळे तपासून घ्या, कोणी म्हणे पुढच्या वर्षी आत्तापासून नवा गडी तयार करा. कृषी केंद्रवाला व्हिडिओ लावून बसला होता. मी पदर तोंडाला लावून गप्प होते. शब्द दिला होता.

पाटचारीच्या पुलाजवळ ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालूच होतं. हे सीटवरून मागे वळले.

"तो कॅच मन्हा हातमाईन सुटना," ते म्हणाले. "माले कोनी दाखाडानी गरज नही. पुढला साल बी मीच तठे उभा ऱ्हासू. ज्याले पटत नही त्यानी आठेच उतरी जावानं."

गाव तिथून चांगलं लांब होतं. कृषी केंद्रवाल्याने मोबाइल खिशात घातला आणि बाहेर लोंबकळणारे पाय आत घेतले. हे वाट बघत राहिले, घाई नव्हती त्यांना. एकेकाच्या तोंडाकडे बघता बघता त्यांची नजर शेवटी माझ्यावर आली. इतकी वर्षं मी या माणसासाठी गावाशी भांडले आणि त्या दिवशी त्याला माझा एक शब्दही लागला नव्हता. त्यांनी माझ्याकडेही तसंच बघितलं, जसं बाकीच्यांकडे बघितलं होतं, तूही उतरणार आहेस का असं विचारल्यासारखं.

मी बसल्या जागी आणखी नीट टेकून बसले. मग ते पुढे वळले आणि ट्रॅक्टर निघाला.