चोख फाइल

दोह्यात वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती, तेव्हा साइट ऑफिसात माझ्या शेजारी एक इजिप्शियन मुलगी बसायची. कॉप्टिक ख्रिश्चन, नुकतीच नोकरीला लागलेली. त्यांचे उपास चालू होते, म्हणून डब्यात नुसते उकडलेले वाल. ते खाता खाता एकदा म्हणाली, "या शुक्रवारी, सुट्टीच्या प्रार्थनेनंतर, फादरनी चर्चचा वर्षाचा हिशोब आम्हा तरुणांना सगळ्यांसमोर वाचायला लावला. एका आजोबांनी एसीच्या दुरुस्तीचा खर्च विचारला. मला सांगता येईना. आता पुढच्या शुक्रवारी बिल दाखवणार." फजितीचंही तिला कौतुक वाटत होतं.

मी मान खाली घालून पोळी चावत राहिलो. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीचा खजिनदार मीच. त्याच वर्षी माझ्या लेकीनं भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, "बाबा, कॅन वी सी द बिल्स?" माझं डोकंच सणकलं. चारचौघांत म्हणालो, "पोरांनी प्रसाद वाटावा, हिशोबात नाक खुपसू नये." ती हातातलं ताट ठेवून गाडीत जाऊन बसली.

माझ्या हिशोबात एका रियालचाही घोळ नव्हता. प्रत्येक पावती तारखेनुसार लावलेली होती. फक्त कोणी विचारलेलं मला खपलं नाही.

आता मीटिंगमध्ये आम्ही सगळे टकले तावातावानं बोलतो, की हल्लीच्या पोरांना आपल्या संस्कृतीचं काही पडलेलं नाही. प्रसाद आम्हीच वाटतो, आम्हीच खातो. फाइल अजूनही चोख आहे. मी ती दरवर्षी टेबलावर उघडी ठेवतो. बघायला कोणी येत नाही.