आईच्या गुडघ्याचं माप

मैत्रिणींनो, आपली फिरती वही कालच टपालाने आली. दिवाळीसाठी घरी काय काय केलंत ते वाचलं, म्हणून आज दुपारचं माझंही लिहिते.

आईचे गुडघे दुखतात. मी चांद्याच्या दवाखान्यात नर्स, म्हणून तिच्यासाठी जुन्या चादरीची शेकपट्टी शिवली. सहा कप्पे, प्रत्येकात तोलून भरलेलं जाडं मीठ, कडेला तीन बटणं. आज भाऊबीजेला अहेरीला घरी आले आणि ती आईच्या गुडघ्याला गुंडाळली. बटणं काजापर्यंत पोहोचेनात. दोन बोटं कमी पडली.

"माप मागच्या दिवाळीले घेतलं व्हतं ना तुनं," आई म्हणाली. "तवापासून सुजून राह्यला."

वहिनीने जुन्या लुगड्याची पिशवी आणली. आत नदीची वाळू, दोन्ही टोकांना नाड्या. तव्यावर शेकून तिने ती सवयीने बांधली.

"आज उजवा जास्त दुखते ना, माय?"

आईने समाधानाने डोळे मिटले.

"टाके किती बारीक हायेत बाई तुमचे," वहिनी मला म्हणाली. "मले नाई जमत असे."

तिने टोमणा मारला नव्हता. तरी मी पट्टी झटकन घडी करून बाजूला ठेवली. उजवा जास्त दुखतो हे मला ठाऊकच नव्हतं.

पट्टी उसवून ठेवली आहे. सूज केव्हा किती वाढते हे वहिनीलाच विचारावं लागेल, आणि त्यासाठी अजून माझ्याच्याने जागेवरून उठवत नाही. आपल्याच आईबद्दल दुसरीला विचारण्याची वेळ तुमच्यापैकी कुणावर आली आहे का?