मेलेल्या माणसाचं अपील

पावसच्या एका आंबा बागेत माझा दादा राखणदार होता. तिथलाच दुसरा राखणदार एका सकाळी विहिरीत मेलेला सापडला. आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं, आणि बागमालकाने कोर्टात सांगितलं की दादाला विहिरीकडे जाताना पाहिलं. तेवढ्यावर जन्मठेप. आम्ही हायकोर्टात अपील केलं, ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. दर भेटीत दादा जाळीपलीकडून विचारायचा, "बाय, तारीख लागली?"

मग त्याला तुरुंगात कावीळ झाली आणि तो गेला. देवरूखजवळच्या आमच्या गावी त्याला आणला, तेव्हा लोक म्हणाले, "सुटला बिचारा." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सुटला म्हणे!

तेरावं उरकल्यावर मी वकिलांना फोन केला.

"अपील आता आपोआप संपलं, मॅडम. अपील करणाराच राहिला नाही."

"आणि तो खुनी ठरलाय, ते?"

"ते राहणारच. पण आता त्याचा कुणाला त्रास?"

मी फोन आपटला. माणूस मेला म्हणून अपील मरतं, मग त्याच्यावरचा डाग का नाही मरत?

मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. शिक्षकांच्या खोलीत मी हे अक्षरशः ओरडून सांगितलं. एका बाईंची बहीण कोर्टात वकिली करते, तिच्याकडे त्या मला त्याच दिवशी घेऊन गेल्या. ती म्हणाली, "अपील पुढे चालवता येतं. बायको, मुलं, आईवडील, भाऊ, बहीण, कुणीही परवानगी मागू शकतं. पण मृत्यूपासून तीस दिवसांत. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

कुणीच नाही. तुरुंगातून प्रेत देणाऱ्यांनी नाही, वकिलांनी तर नाहीच. निम्मी मुदत आमची सुतकात गेली होती.

मी तशीच गाडी पकडून वहिनीकडे गेले. ती हात जोडून म्हणाली, "वन्सं, पोरीचं लग्न ठरतंय. लोक आता कुठे विसरतायत, नका उकरून काढू."

"लोक विसरत नाहीत वहिनी, तोंडावर बोलत नाहीत इतकंच. तू सही करू नको. मी बहीण आहे त्याची, मी करते."

परवानगी मिळाली. सुनावणीला आणखी दोन वर्षं गेली. बागमालकाने पोलिसांना पहिल्यांदा सांगितलं होतं की अंधारात कुणीतरी दिसलं, ओळखता आलं नाही. कोर्टात मात्र त्याने दादाचं नाव घेतलं. हे सगळं पहिल्यापासून कागदावर होतं. न्यायाधीशांना ते ऐकायला एक दुपार पुरली. एक दुपार! ती दादा जिवंत असताना कुणाला मिळाली नाही. तो निर्दोष ठरला. वकीलबाई म्हणाल्या, "जिंकलो आपण." मला हसूही आलं नाही.

त्या साली शिमग्याच्या आधी मी गावी वहिनीकडे असताना गावकीतली चार माणसं घरी आली. दादाला शिक्षा झाल्यापासून शिमग्यात घरोघर जाणारी देवीची पालखी आमचं दार टाळून पुढे जात होती.

"झालं गेलं विसरा," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. "यंदा पालखी आणतो दारात."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वहिनी आधीच उठून दाराशी गेली होती.

"ते जिवंत होते तेव्हा का नाही आणलीत?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "देवीला मी देवळात जाऊन भेटेन. तुम्ही माझ्या दारात नको."

चौघे खाली मान घालून अंगणातून निघून गेले.