चिंचेनं घासलेले रुपये
चिंचेच्या कोळाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. आमचं नंदुरबारला किराणा दुकान. गल्ल्यातली चिल्लर मी भिंगाखाली धरायचो, वर्षाच्या आकड्याखालची टांकसाळीची खूण बघायचो, झिजलेली नाणी परत टाकायचो आणि कडा शाबूत असलेले जुने जाड रुपये डबीत ठेवायचो. त्यांच्यावरचा काळपटपणा तसाच राहायला हवा, कारण घासलेलं नाणं कुठलाच शौकीन घेत नाही. एका दिवाळीला घरी आलो तर डबी रिकामी, आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात माझे रुपये नव्या भांड्यांसारखे चकाकत होते. "काळा पडी गयथात, चिंच लाईसन घशी टाकात," आई खुशीत म्हणाली. दात आवळून आरती म्हटली. निदान ते रुपये सकाळी उचलून ठेवू म्हटलं, तर मी दुकानात पोचेपर्यंत वडिलांनी ते बरकतीसाठी गल्ल्यात टाकून गिऱ्हाइकांना सुट्टे म्हणून देऊनही टाकले होते. आता दुकान मी चालवतो. मोबाइलवरच पैसे येतात, चिल्लर फारशी दिसत नाही. तरी एखादा जुना रुपया आलाच, तर गिऱ्हाइकासमोर मी आधी त्याचा वास घेतो.