मोठ्या आईची हाळी आणि माझा फिल्टर

मोठ्या आईची ज्वारी मी पाखरांना खाऊ घातली. घरात बसून, लॅपटॉपवर.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यावर देऊळघाटच्या शिवारातला ज्वारीचा तुकडा ती एकटीच राखते. कणसात दाणा भरला की मचाणावर उभी राहून अशी हाळी देते की पाखरंच काय, बांधापलीकडचा माणूसही दचकतो. गेल्या हंगामात ऐन राखणीच्या दिवसांत मुलीच्या बाळंतपणासाठी तिला चिखलीला जावं लागलं. निघताना म्हणाली, "वर्साची भाकर हाय ते माही. राखशीन ना?"

"हाव. तू बिनघोर जाय."

बोलायला काय जातं? उन्हात मला चक्कर येते, समोर काम असलं की जास्तच. आमच्याकडे आता पुष्कळ जण हाळी भरलेला भोंगा शेतात टांगतात. मीही तिची हाळी मोबाइलमध्ये भरून घेतली होती. ती तशीच लावली असती तर भागलं असतं. पण मी पडलो संगीतातला! गावातल्या प्रत्येक वाढदिवसाचं गाणं माझ्या लॅपटॉपवर सजतं. भरलेला आवाज हवा तसा घडवणारा सॅम्पलर घरात असताना कच्चा आवाज शेतात सोडायचा? इज्जतीचा सवाल होता.

हाळी सॅम्पलरमध्ये घेतली. आधी फिल्टर लावून वरचा कर्कश भाग कापला, कारण तो माझ्या कानाला टोचत होता. मग एन्व्हलपकडे, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराकडे वळलो. आवाज किती झटक्यात उठावा ते त्यातला अटॅक ठरवतो. तिची हाळी फटाक्यासारखी फुटायची. मी अटॅक वाढवला, तशी ती हळूहळू उमलू लागली. शेवट तुटक वाटत होता म्हणून रिलीज लांबवला, तसा तो धुक्यासारखा विरत गेला. ऐकून माझं मलाच भरून आलं. भोंगा टांगला, बॅटरी जोडली आणि घरी येऊन ताणून दिली.

चिखलीहून फोन यायचा. मागे बाळ रडत असायचं आणि ती विचारायची, "पाखरं उठतात ना रे?"

"उठतात ना!" मी गादीवरून सांगायचो. शेताच्या रस्त्यानं जाताना भोंगा वाजताना ऐकू यायचा. आत जाऊन बघायची गरज मला वाटली नाही. फिल्टर चुकला तो चुकला, पण हे "उठतात ना" मला अजून टोचतं. त्याला कुठलाच फिल्टर लागत नाही.

ती यायच्या आदल्या दिवशी मात्र शेतात गेलो. भोंगा मंजुळ गात होता आणि भोंग्यावरच दोन पोपट बसले होते. बाकीची पंगत कणसांवर. मी घाबरून मोबाइल जोडला आणि मूळ हाळी सोडली. अख्खा थवा भर्रकन उठला! तेव्हा कळलं, पाखराला भिववतो तो आवाजाचा पहिला तडाखा आणि वरची धार. मी नेमकं तेवढंच काढून टाकलं होतं. पण कळून काय उपयोग? निम्म्याहून जास्त कणसं रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली ती तडक शेतात. एक कणीस तोडून तळहातावर चोळलं, फुंकर मारली. सगळा भुसा उडाला, हातात काही उरलं नाही. त्या रिकाम्या हाताकडे बघून मी सगळं सांगून टाकलं. फोनवरचं खोटंसुद्धा. आमच्या घरची ज्वारी आणून देतो म्हणालो. तिनं हात पदराला पुसला. मग म्हणाली, "लाव बरं तुहा आवाज."

लावला. मान तिरकी करून तिनं ऐकला.

"हे कोन बाई व्हय?"

"तूच."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"एवढ्या लाडानं हाक मारली तं सकायी तूबी उठत नाईस. पाखरं काऊन उठतीन बे?"